एरर पकडायची कुठे, सोडायची कुठे: सहा भाषांमधले एरर हँडलिंग टप्प्याटप्प्याने

अख्खे फंक्शन ट्रायमध्ये (एरर येऊ शकेल असा कोड ठेवायचा ब्लॉक) गुंडाळायचे, कॅचमध्ये (ती एरर पकडणारा ब्लॉक) 'काहीतरी चुकले' असे छापायचे आणि पुढे चालू पडायचे: एरर हँडलिंगच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी एवढेच होते. प्रोग्राम पडत नाही म्हणून सगळे खूश. महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही तेव्हा लॉगमध्ये कामाचे काहीच सापडत नाही. एरर पकडली म्हणजे ती निस्तरली असे होत नाही. निस्तरायचा निर्णय कोणत्या पातळीवर घ्यायचा हे आधी ठरते, कोड त्यानंतर येतो.

सगळ्या टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. रोज रात्री एक प्रोग्राम चालतो. तो सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाईलमधून दिवसभरात जमा झालेल्या रकमा वाचतो, प्रत्येक ओळ तपासतो, डेटाबेसमध्ये टाकतो आणि दुसऱ्या सर्व्हरला एपीआयने (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली वाट) कळवतो. हाच प्रोग्राम पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट किंवा सी मध्ये लिहिला तर कुठे काय सांभाळायचे, ते पाहू.

## टप्पा १: आधी कागदावर यादी

प्रोग्राम बाहेरच्या जगाला जिथे जिथे हात लावतो, त्या जागा लिहून काढा: फाईल उघडणे, ओळ वाचणे, आकडा काढणे, डेटाबेसला जोडणी, नोंद टाकणे, एपीआयला विनंती, लॉग लिहिणे. प्रत्येक जागेपुढे काय बिघडू शकते ते लिहा आणि त्यावर चारपैकी एक शिक्का मारा.

१. डेटा खराब: रकमेच्या जागी अक्षरे, तारीख रिकामी. ती ओळ बाजूला काढायची, नाकारलेल्या ओळींच्या फाईलमध्ये कारणासह लिहायची, पुढे जायचे.
२. तात्पुरती अडचण: नेटवर्क तुटले, सर्व्हरने ५०३ ('सध्या सेवा देता येत नाही') हा कोड दिला. थोडे थांबून पुन्हा प्रयत्न.
३. परिसर चुकीचा: फाईलच नाही, पासवर्ड चुकला, डिस्क भरली. लगेच थांबायचे आणि माणसाला कळवायचे.
४. आपल्याच कोडमधली चूक: नल पॉइंटर (कशाकडेच न दाखवणारा पत्ता), यादीबाहेरचा इंडेक्स. पकडायचीच नाही. वरपर्यंत जाऊ द्यायची आणि कोड दुरुस्त करायचा.

घोळ होतो तो चौथा शिक्का पहिल्यासारखा वागवल्याने. कोडमधली चूक 'खराब ओळ' म्हणून नोंदली जाते आणि पाच हजार ओळींपैकी पाच हजार नाकारल्या जातात. प्रोग्राम मात्र 'यशस्वी' म्हणून संपतो. म्हणून एक मर्यादा यादीतच लिहून ठेवा: उदाहरणार्थ, पाच टक्क्यांहून जास्त ओळी नाकारल्या गेल्या तर अख्खे काम थांबवायचे.

तपासणी: एखाद्या एररपुढे 'इथे नेमके काय करायचे' हे एका ओळीत लिहिता येत नसेल, तर ती त्या जागी पकडू नका. वर जाऊ द्या.

## टप्पा २: भाषा एरर कशी सांगते ते ओळखा

पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट एक्सेप्शन, म्हणजे नेहमीचा क्रम मोडून वर जाणारी एरर, फेकतात. तुम्ही काहीच केले नाही तरी ते वर वर जात राहते आणि शेवटी प्रोग्राम पाडते. सी आणि गो मध्ये एरर ही फंक्शनकडून परत आलेली किंमत (व्हॅल्यू) असते. ती पाहिली नाही, तर प्रोग्राम चुकीच्या किमतीवर बिनधास्त पुढे चालतो. रस्ट मधोमध: एरर किमतीतच येते, पण रिझल्ट (यश किंवा एरर धरणारी किंमत) न तपासता टाकून दिला तर कंपायलर इशारा देतो.

सी मध्ये 'एर्नो' (शेवटच्या एररचा क्रमांक धरणारे चल) वाचण्याचा क्रम महत्त्वाचा. फंक्शनने अपयश कळवले तरच एर्नोला अर्थ असतो, आणि मधे एखादा प्रिंटएफ झाला तरी त्याची किंमत बदलू शकते. आधी ती दुसऱ्या चलात ठेवा, मग लॉग लिहा.

जावामध्ये चेक्ड एक्सेप्शन हाताळल्याशिवाय किंवा जाहीर केल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. याच जाचाला कंटाळून लोक रिकामा कॅच टाकतात. तसे करायची वेळ आलीच, तर रनटाइम एक्सेप्शनमध्ये (जे जाहीर करावे लागत नाही) गुंडाळून वर फेका. ते रिकाम्या कॅचपेक्षा शंभर पटींनी बरे.

गो मध्ये दोन सापळे नेहमीचे. 'इफ'च्या आत कोलन-इक्वल (नवे चल बनवणारे चिन्ह) वापरले की नवाच 'एर' (एरर ठेवायचे चल) तयार होतो आणि बाहेरचा 'एर' निलच (रिकामा, म्हणजे 'एरर नाही') राहतो. दुसरा सापळा स्वतःच्या एरर टाइपचा: त्याचा निल पॉइंटर 'एरर' इंटरफेस म्हणून परत केला, तर तो निलच्या बरोबरीचा ठरत नाही आणि काहीही न बिघडता एरर दिसते. परत करताना सरळ 'निल' लिहा.

रस्टमध्ये 'अनरॅप' म्हणजे 'इथे एरर येणारच नाही' अशी हमी. बाहेरून आलेल्या डेटावर ती कुणी देऊ नये. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीची सेवा जगभर कोलमडली, तेव्हा नेहमीपेक्षा मोठी झालेली एक फाईल मर्यादेत बसली नाही आणि रस्टच्या कोडमधल्या अशाच अनरॅपने पॅनिक केले, म्हणजे काम तिथेच तोडले. प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर वापरा आणि एरर वर पाठवा.

## टप्पा ३: डेटा दारातच अडवा

या टप्प्यात घाई करू नका, कारण इथे निसटलेली चूक पुढे एररच देत नाही.

रक्कम घ्या. मराठी कळफलकावरून टंकलेल्या फाईलमध्ये आकडे देवनागरीत येऊ शकतात. देवनागरी '१२५०' हाच मजकूर सहा भाषांच्या आकडा काढणाऱ्या फंक्शनांना दिला, तर असे होते:

- पायथनचा 'इंट' आणि जावाचा 'पार्सइंट' तो मुकाट्याने स्वीकारतात आणि बरोबर किंमत देतात.
- गोचा 'एटूआय' एरर परत करतो, रस्टचा 'पार्स' सुद्धा.
- जावास्क्रिप्टचा 'नंबर' 'नॅन' ('हा आकडा नाही') देतो. एक्सेप्शन नाही. त्या नॅनमुळे पुढची प्रत्येक बेरीज नॅन होते.
- सीचा 'एटूआय' शून्य देतो. खरी शून्य रक्कम आणि न वाचता आलेली रक्कम यांत फरकच उरत नाही.

आता स्वल्पविराम. इंग्रजी अंकांत लिहिलेले '१,२५०' पायथन, जावा, गो आणि रस्ट नाकारतात. जावास्क्रिप्टचा 'पार्सइंट' आणि सीचा 'एटूआय' मात्र स्वल्पविरामापाशी थांबून १ परत करतात. साडेबाराशेचा एक रुपया झाला आणि लॉगमध्ये चकार शब्द नाही. त्यातच जावास्क्रिप्टचा 'नंबर' रिकाम्या मजकुराला शून्य मानतो.

करायचे ते असे:

१. कोणते अंक आणि कोणती चिन्हे चालतील हे आधी ठरवा. देवनागरी अंक चालणार असतील तर सगळ्या भाषांत ते स्वतः बदलून घ्या, भाषेच्या मर्जीवर सोडू नका.
२. सी मध्ये 'एटूआय' वापरूच नका. 'एसटीआरटूएल' घ्या: आधी एर्नो शून्य करा, नंतर शेवटचा पॉइंटर सुरुवातीलाच अडकला नाही ना, मजकुराच्या टोकापर्यंत पोचला का आणि एर्नो 'ईरेंज' (आकडा मर्यादेबाहेर) तर झाला नाही ना, हे तिन्ही पाहा.
३. जावास्क्रिप्टमध्ये आधी मजकूर रिकामा नाही हे पाहा, मग 'नंबर' लावा, मग 'नंबर डॉट इजसेफइंटिजर'ने (नेमका धरता येणारा पूर्णांक आहे का) तपासा.
४. रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत, पूर्णांकात ठेवा. बेरीज मर्यादेबाहेर जाणे ही वेगळी एरर आहे. जावात 'अ‍ॅडएक्झॅक्ट', रस्टमध्ये 'चेक्ड अ‍ॅड' वापरा, कारण रस्टच्या रिलीज बिल्डमध्ये मर्यादेबाहेर गेलेली साधी बेरीज मुळातच बिनबोभाट उलटून दुसऱ्या टोकापासून फिरते.

दुसरे दार एन्कोडिंगचे, म्हणजे अक्षरे कोणत्या बाइटांनी लिहिली आहेत त्याचे. इंग्रजी विंडोजवर पायथनने फाईल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही, तर ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत सहसा सीपी-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचे एन्कोडिंग) धरले जाते. मग यूटीएफ-८ मधले 'राम' हे नाव कसलीही एरर न देता कचरा होऊन आत येते. 'मुक्ता' आले की मात्र युनिकोडडीकोडएरर येते. कारण हलन्ताच्या तीन बाइटांपैकी शेवटचा हेक्समधला ८डी, पहिल्या उकाराचा ८१, आणि हे दोन्ही बाइट सीपी-१२५२ मध्ये रिकामे आहेत. म्हणजे एरर येते की नाही हे खातेदाराच्या नावात जोडाक्षर किंवा पहिला उकार आहे का, अशा गोष्टींवर ठरते! एन्कोडिंग नेहमी स्पष्ट लिहा. फाईल एक्सेलमधून आली असेल तर 'यूटीएफ-८-सिग' लिहा, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला न दिसणारे बॉमचे (फाईलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) चिन्ह चिकटते आणि 'रकाना सापडला नाही' अशी भलतीच एरर येते.

सावधान: जावाचा 'इनपुटस्ट्रीमरीडर' चुकीच्या बाइटांच्या जागी बदली चिन्ह टाकून पुढे जातो, 'फाइल्स डॉट रीडऑललाइन्स' मात्र एक्सेप्शन फेकतो. अशा कामात फेकणारा बरा.

## टप्पा ४: ट्राय लहान, कॅच नेमका

ट्रायच्या आत फक्त ती ओळ असावी जी बिघडण्याची शक्यता आहे. आकडा काढायची ओळ आणि डेटाबेसची ओळ एकाच ट्रायमध्ये असली, तर व्हॅल्यूएरर कुणी दिली हे कळत नाही. पायथनमध्ये यशानंतरचे काम ट्रायला जोडलेल्या 'एल्स'मध्ये लिहा. त्याची सोय त्यासाठीच आहे.

पायथनमध्ये कॅचला 'एक्सेप्ट' म्हणतात. एररच्या नावाशिवायचा 'एक्सेप्ट' कीबोर्डइंटरप्ट (कंट्रोल-सी) आणि सिस्टमएक्झिट (प्रोग्राम संपवण्याची विनंती) दोन्ही पकडतो. लूपमध्ये तो असला की कंट्रोल-सी दाबूनही प्रोग्राम थांबत नाही. वरच्या पातळीवर पकडायचेच असेल तर 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहा. जावामध्ये 'थ्रोएबल' (फेकता येणारे सगळे काही) पकडला की आउटऑफमेमरीएररही त्यात आली, म्हणून तोही टाळा. पायथनमध्ये कॅचचा क्रम विशिष्टाकडून सामान्याकडे ठेवा, कारण जुळणारा पहिलाच लागू होतो. क्रम उलटा झाला तर जावाचा कंपायलर टोकतो, पायथन गप्प बसतो.

जावास्क्रिप्टच्या तीन चुका वारंवार दिसतात.

१. 'अवेट' (काम पुरे होईपर्यंत थांबणे) विसरणे. ट्रायच्या आत 'रिटर्न' करून प्रॉमिस (नंतर मिळणारे उत्तर) तसेच परत दिले, तर ते नंतर फसते आणि तोवर ट्राय संपलेला असतो. 'रिटर्न अवेट' लिहा.
२. 'फोरईच'ला (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणारा) असिंक, म्हणजे अवेट वापरणारे, फंक्शन देणे. फोरईच कुणासाठी थांबत नाही. 'फॉर-ऑफ' वापरा.
३. 'फेच'ला (वेब विनंती करणारे फंक्शन) ४०४ किंवा ५०० हे एरर कोड मिळाले की तो एरर देईल असे गृहीत धरणे. तो देत नाही, फक्त जोडणी फसली तरच देतो. 'रिस्पॉन्स डॉट ओके' स्वतः तपासा.

तपासणी: प्रत्येक कॅचवर बोट ठेवून विचारा, टप्पा १ च्या यादीतली कोणती ओळ ही? उत्तर नसेल तर तो कॅच काढून टाका.

## टप्पा ५: वर पाठवताना संदर्भ जोडा, मूळ कारण तोडू नका

'इनव्हॅलिड सिंटॅक्स' एवढ्यावर मध्यरात्री फोन आलेल्या माणसाने काय करावे? फाईलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि कोणते काम चालू होते हे तिन्ही जोडा. आतली मूळ एरर तशीच ठेवा.

पायथनमध्ये 'रेज ... फ्रॉम', जावामध्ये नव्या एक्सेप्शनच्या कन्स्ट्रक्टरला मूळ एक्सेप्शन, जावास्क्रिप्टमध्ये 'एरर'च्या पर्यायांत 'कॉज'. गो मध्ये 'एररएफ'ला पर्सेंट-डब्ल्यू द्या. पर्सेंट-व्ही दिलात तर मजकूर तोच दिसतो, पण साखळी तुटते आणि 'एरर्स डॉट इज'ला आतले काही सापडत नाही. रस्टमध्ये लायब्ररीसाठी 'धिसएरर' आणि अ‍ॅप्लिकेशनसाठी 'एनीहाऊ'चा 'कॉन्टेक्स्ट' हा रुळलेला मार्ग आहे.

एरर ओळखताना तिच्या मजकुराशी तुलना करू नका. मजकूर आवृत्तीगणिक बदलतो. टाइप किंवा कोड पाहा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दुबार नोंदीचा कोड २३५०५ आहे, संदेश कोणत्याही भाषेत असो.

सावधान: एकतर लॉग करा, नाहीतर वर फेका. दोन्ही केले की एकच एरर लॉगमध्ये चार वेळा दिसते आणि चार घटना घडल्यासारखे वाटते. खाते क्रमांक, टोकन, पासवर्ड एररच्या मजकुरात जाऊ देऊ नका.

## टप्पा ६: उघडले ते बंद करा, अर्धवट ते मागे घ्या

फाईल किंवा जोडणी आपोआप बंद व्हावी म्हणून पायथनमध्ये 'विथ', जावामध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस, गो मध्ये 'डिफर'. रस्टमध्ये किंमत व्याप्तीबाहेर गेली की आपोआप. हातांनी 'क्लोज' लिहिण्याची गरज सी सोडून फारशी उरलेली नाही.

गोची मेख अशी की 'डिफर एफ डॉट क्लोज' लिहिले की क्लोजची एरर हवेत विरते. वाचायच्या फाईलला चालते, लिहायच्या फाईलला नाही. सी मध्येही तेच: लिहिलेला मजकूर बफरमध्ये (डिस्कवर जाण्याआधीची तात्पुरती जागा) असतो, डिस्क भरल्याचे 'एफक्लोज'लाच कळते. त्याची परत आलेली किंमत तपासा.

'फायनली'मध्ये (काहीही झाले तरी शेवटी चालणारा ब्लॉक) 'रिटर्न' कधीही लिहू नका. जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथन, तिन्हींत वर निघालेले एक्सेप्शन त्या रिटर्नने गिळले जाते. पायथन ३.१४ आता त्यावर इशारा देतो.

डेटाबेसमध्ये एक ओळ नाकारून पुढे जायचे असेल, तर पोस्टग्रेस आड येतो. ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या आज्ञा एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द) एक आज्ञा फसली की रोलबॅक (मागे घेणे) होईपर्यंत तो पुढची प्रत्येक आज्ञा नाकारतो. एरर पकडून पुढची ओळ टाकायला गेलात तर २५पी०२ कोड मिळत राहतो. प्रत्येक ओळीआधी 'सेव्हपॉइंट' घ्या आणि फसल्यास तिथपर्यंतच मागे या. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनमध्ये दुबार नोंदीला फक्त ती आज्ञा मागे घेतली जाते, म्हणून तिथे चाललेला कोड पोस्टग्रेसवर आणल्यावर अडतो.

## टप्पा ७: पुन्हा प्रयत्न, पण बेताने

आधी टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा. पायथनच्या 'रिक्वेस्ट्स'ला, गोच्या मूळ एचटीटीपी क्लायंटला आणि जावाच्या 'एचटीटीपीक्लायंट'ला आपणहून टाइमआउट नसतो. समोरचा सर्व्हर गप्प बसला तर प्रोग्राम तसाच लटकतो, आणि एररच न आल्यामुळे कॅच शोभेचा ठरतो.

पुन्हा प्रयत्न करावा ४२९ (फार विनंत्या), ५०२, ५०३, ५०४ (सर्व्हरची तात्पुरती अडचण) आणि जोडणी तुटल्यावर. ४००, ४०१, ४०४, ४२२ (विनंतीतच चूक) वर करू नये, तीच विनंती तोच नकार आणेल. मधला वेळ १, २, ४, ८ सेकंद असा दुप्पट करत जा, पाच प्रयत्नांनंतर सोडा. प्रत्येक वेळी थोडा यादृच्छिक फरक मिसळा, नाहीतर अनेक प्रोग्राम एकाच क्षणी पुन्हा धडकतात. उत्तरात 'रिट्राय-आफ्टर' (किती वेळाने पुन्हा यायचे) आला असेल तर तोच पाळा.

पैशांच्या बाबतीत टाइमआउट म्हणजे 'झाले नाही' असे समजू नका. विनंती पोचली असेल, फक्त उत्तर हरवले असेल. समोरचा एपीआय आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आल्याचे ओळखायची खूण) स्वीकारत असेल तर ती पहिल्या प्रयत्नाआधी तयार करा आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवा. लूपच्या आत तयार केली की रक्कम दोनदा जमा होण्याची वाट मोकळी.

## टप्पा ८: सर्वांत वरचा पहारा

'मेन'मध्ये (प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन) एकच कॅच: स्टॅक ट्रेससह (एरर कोणकोणत्या फंक्शनांतून आली त्याची यादी) लॉग, आणि शून्य नसलेला एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा). शून्य परत गेले तर प्रोग्राम चालवणाऱ्या शेड्यूलरला सगळे आलबेल वाटते. बॅशमधून आउटपुट पाइपने 'टी'ला (आउटपुट फाईलमध्येही लिहिणारी आज्ञा) देत असाल तर प्रोग्राम फसला तरी 'टी'चा शून्य मिळतो. स्क्रिप्टच्या वर 'सेट -ओ पाइपफेल' हवेच.

या पहाऱ्याच्या कक्षेत न येणाऱ्या जागा:

- गो: 'रिकव्हर' फक्त आपल्याच गोरूटीनमधला (समांतर चालणारे काम) पॅनिक थोपवतो. दुसऱ्या गोरूटीनमधला पॅनिक अख्खा प्रोग्राम पाडतो.
- जावा: एक्झिक्युटरला (कामे दुसऱ्या थ्रेडवर चालवणारा) 'सबमिट' केलेल्या कामाचे एक्सेप्शन फ्यूचरमध्ये (त्या कामाचे उत्तर धरणारी वस्तू) पडून राहते, 'गेट' केल्याशिवाय दिसत नाही. 'शेड्यूलअ‍ॅटफिक्स्डरेट'ने लावलेल्या कामात एकदा एक्सेप्शन निसटले की पुढच्या सगळ्या फेऱ्या बंद, तेही आवाज न करता.
- नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा): फसलेले आणि कुणी न पकडलेले प्रॉमिस १५ व्या आवृत्तीपासून प्रोसेस पाडते. हे चांगलेच आहे. ते दाबण्यासाठी जागतिक हँडलर लावून पुढे चालू ठेवू नका.

## टप्पा ९: मुद्दाम मोडून पाहा

एरर हँडलिंगचा कोड रोजच्या वापरात चालतच नाही, म्हणून तोच सर्वांत कमी तपासलेला असतो. सोडण्याआधी हे करा:

१. तीन ओळींची फाईल: एक बरोबर, एक देवनागरी अंकांची, एक रिकाम्या रकमेची. टप्पा १ च्या मर्यादेमुळे काम थांबले तरी नाकारलेल्या ओळींची फाईल उघडून कारणे वाचा.
२. लिनक्सवर आउटपुटचा पत्ता '/डेव्ह/फुल' द्या. त्यावर लिहिताना डिस्क भरल्याचीच एरर येते. प्रोग्राम यशस्वी म्हणत असेल तर टप्पा ६ पुन्हा वाचा.
३. फाईलची वाचण्याची परवानगी काढा. ही चाचणी रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नका, रूटला परवानग्या आड येत नाहीत.
४. आधी नेहमी ५०३ देणारा आणि मग उत्तरच न देणारा छोटा सर्व्हर समोर ठेवा. दुसऱ्यात प्रोग्राम किती वेळात सुटतो ते घड्याळ लावून पाहा.
५. काम मध्यावर असताना सिगटर्म (थांबण्याची विनंती करणारा सिग्नल) पाठवा. पायथनमध्ये स्वतः हँडलर लावला नसेल तर सिगटर्मवर 'फायनली' चालत नाही. हँडलरमध्ये 'सिस डॉट एक्झिट' करा, मग चालते. डॉकरचा कंटेनर थांबवताना हाच सिग्नल येतो आणि साधारणपणे १० सेकंदांनी सिगकिल (तात्काळ मारणारा सिग्नल) येतो. तेवढ्यात रोलबॅक उरकला पाहिजे.
६. तीच फाईल लागोपाठ दोनदा चालवा. डेटाबेसमध्ये नोंदी दुप्पट झाल्या नाहीत, आणि दुसऱ्या वेळी २३५०५ 'आधीच नोंदलेली' म्हणून वेगळ्या मोजणीत आला, 'खराब ओळ' म्हणून नव्हे, एवढे पाहून घ्या.